नदीला पाणी नाही आणि तुम्ही उसाचं पाचट (वाळलेला पाला) पेटवताय?

मंडळी, दर उन्हाळ्याला धरणाचं काही ना काही काम निघतं. दरवाज्यांची रबर सीलं, रंगकाम, पायथ्याच्या वीजगृहाचं टर्बाईन, हे पावसाळ्याआधीच उरकावं लागतं कारण पुराचं पाणी आल्यावर दरवाज्याला हात लावता येत नाही. कोयनेच्या पायथा वीजगृहात दोन युनिटं, दोन्ही चालू असली की नदीत 2100 क्युसेक, एक कामाला काढलं की 1050. वर शंभर टीएमसीचं धरण असेना का, आपल्या मोटरीला काय त्याचं. ते पाणी पाटणवरनं कराडला कृष्णेत येणार, मग टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना ते उचलणार, मधल्या बंधाऱ्यात अडणार, आणि मग उपसाबंदीची, म्हणजे नदीवरच्या मोटरी बंद ठेवायची नोटीस लागणार. अन् ती लागेपर्यंत शेजारच्या खोडव्यातनं (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत घेतलेल्या पिकातनं) धूर निघालेला असतो.

माझं सगळं म्हणणं या धुरावरच आहे. आमच्या भावकीतल्या एकानं तोड झाली त्याच रात्री काडी लावली, "रान साफ होतंय" म्हणून. नंतर पाण्याची पाळी लांबली, उघडं रान भेगाळलं, फुटवे पिवळे पडले, त्यात खोडकिडा घुसला आणि पोंगे (मधले कोवळे कोंब) ओढले की हातात यायला लागले. बांधाच्या पलीकडं पाचट ठेवलेला खोडवा हिरवागार, नदी तीच, मोटर तीच.

एकरी 3-4 टन पाचट निघतं. पाणी बंद व्हायच्या आधी एक पाळी मिळणार असेल तर पाचट सरीत दाबून घ्या, बुडखे उघडे ठेवून जमिनीलगत छाटा, आणि टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट, 1 किलो पाचट कुजवणारं कल्चर शेणकाल्यातनं टाकून मग पाणी द्या. पाळी मिळणारच नसेल तर युरिया अजिबात टाकू नका, कोरड्यात तो हवेत उडून जातो, पाचट नुसतं झाकण म्हणून राहू द्या. शेजारी पेटवणारा असेल तर बांधालगतचा पट्टा मोकळा ठेवा, नाहीतर त्याची काडी अन् तुमचं रान.

पाणी कधी द्यायचं याचा माझा साधा अंदाज, पाचटाखाली हात घालून माती मुठीत दाबायची, गोळा झाला तर काळ्या रानाला अजून पाच-सहा दिवस काही होत नाही. बंदच्या आदल्या रात्री भसाभसा पाणी सोडून रान तुंबवण्यात अर्थ नाही, आपल्याकडं क्षारपड त्यानंच वाढलीय.

ताण दिसायला लागला की 2 टक्के युरिया आणि 2 टक्के म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे 200 लिटरच्या बॅरलला दोन्ही 4-4 किलो, तीन आठवड्यांनी परत. पांढरं पोटॅश घ्या, रात्री भिजत घालून फडक्यानं गाळा, फवारा सकाळी लवकर. दुकानदार "ताण सहन करणारं" म्हणून चकचकीत बाटली पुढं करतोच, लेबल वाचा, बऱ्याचदा त्यात ह्युमिक नाहीतर समुद्री शेवाळच असतं. त्या पैशात डिझेल येईल राव.

बाकीची कामं:
- नव्या लागणीच्या उसात एक आड एक सरी पाणी
- ठिबकचे फिल्टर, लॅटरल धुऊन घेणे
- खतांचा मोठा डोस पाणी चालू होईपर्यंत थांबवणे
- द्राक्षाची खरड छाटणी झाली असेल तर पहिलं पाणी बागेला, मग उसाला
- हळदीची लागण पाण्याची तारीख कळल्यावरच, बेणं सावलीत

फुटव्हॉलचं, म्हणजे मोटरीच्या पाइपाच्या नदीतल्या तोंडाला असलेल्या झडपेचं, तेवढं लक्षात ठेवा. पाणी उतरलं की तो उघडा पडतो, मोटर कोरडी फिरते आणि जळते, म्हणून आधीच डोहात सरकवून घ्या. पण एकट्यानं उतरू नका. भिलवडी, औदुंबर पट्ट्यात पाणी कमी झालं की मगरीही त्याच डोहात येतात. दिवसा, दोघं-तिघं मिळून जा, अन् स्टार्टर बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा.