खडीक्रशरच्या धुळीविरुद्ध नोटीस कशी लिहावी

तालुका कोर्टात वकिली करते. क्रशरच्या धुळीने पीक पांढरं पडलं की शेतकरी जो अर्ज लिहून आणतात, त्यात 'मालकाला तुरुंगात टाका' हे वाक्य हमखास असतं. ते आधी काढा. 2023 च्या जनविश्वास कायद्याने (अनेक कायद्यांतली कैद काढून दंड आणणारा कायदा) वायू कायद्यातली, म्हणजे हवेच्या प्रदूषणाविरुद्धच्या कायद्यातली, बरीचशी कैद जाऊन 10 हजारांपासून 15 लाखांपर्यंतचा दंड आला आहे. दंड भरूनही क्रशर चालूच राहतो. आपल्याला धूळ थांबवायची आहे, म्हणून मागणी याच वायू कायद्याच्या कलम 31-अ खाली करा.

या कलमामागचा इतिहास अशिलाला मी नेहमी सांगते. 1972 च्या स्टॉकहोम परिषदेनंतर आपल्याकडे 1974 चा जल कायदा आणि 1981 चा वायू कायदा आला. पण पहिल्या वायू कायद्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारखाना थेट बंद करता येत नव्हता आणि सामान्य माणसाला स्वतःहून कोर्टात फिर्याद घेऊन जाता येत नव्हतं. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळची विषारी वायुगळती घडली. हजारो माणसं गेली, त्यानंतर 1987 च्या दुरुस्तीने हे दोन्ही अधिकार आले. 31-अ खाली मंडळ उद्योग बंद करू शकतं, वीज-पाणी तोडायला सांगू शकतं. कलम 43 खाली साठ दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक फिर्याद करू शकतो. इतकी किंमत मोजून मिळालेलं कलम अर्जात नुसतं 'योग्य ती कारवाई व्हावी' असं लिहून वाया घालवू नका.

कलम 43 ची ही नोटीस प्रदूषण नियंत्रण मंडळाला, नियमांतल्या नमुन्यात द्या. गुन्हा कोणता आणि फिर्याद करण्याचा इरादा, दोन्ही स्पष्ट लिहा. क्रशरचं संमतीपत्र (तो चालवायला मंडळाने दिलेली परवानगी) माहिती अधिकारात मागवा आणि त्यातल्या अटी प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहा. वारा अडवणारी भिंत, पाण्याची फवारणी, आवारातले पक्के रस्ते, यांतलं जे नसेल त्याचे तारखेसह फोटो जोडा. पोचपावती जपा, साठ दिवस त्यावरूनच सिद्ध करायचे असतात. फिर्याद दाखल झाल्यावर मंडळाकडचे तपासणी अहवाल मागता येतात. ते जरूर मागा.

पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाची वाट वेगळी. तिथे हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 14 चा अर्ज वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, म्हणून साठ दिवस मोजतानाच ही मुदतही लिहून ठेवा.