आई-बाबांना केअर सेंटरला ठेवताय? त्यांची सुरक्षितता बघा, पण खाजगीपणा घालवू नका

केअर सेंटर बघायला गेलं की मॅनेजर आधी रिसेप्शन दाखवतो, मग बाग, मग देवघर, मग जेवणाचा हॉल. सगळं छानच असतं. तुम्ही सरळ म्हणा, बाथरूम दाखवा. कमोडशेजारी धरायला दांडा आहे का, फरशी ओली राहते का, कडी आतून लागते का आणि अडचणीच्या वेळी बाहेरून उघडता येते का (नाहीतर आजी आत पडल्या तर दार फोडायला माणूस शोधत बसतील), आणि मुख्य म्हणजे अंघोळ घालताना दार लावतात की कॉरिडॉरमधून येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं दिसतं. शेअरिंग रूम असेल तर दोन कॉटच्या मधे पडदा आहे का बघा. पडदा नसेल तर डायपर बदलताना, स्पंजिंग करताना शेजारच्या आजींचा मुलगा भेटायला आलेला असला तरी तिथेच उरकतात. आणि आजोबांना कसली आलीय लाज, असं समजू नका. उलट आयुष्यभर कुणासमोर बनियनवर न बसलेला माणूस तिथे गप्प होऊन जातो.

मग विचारा, रात्री किती रुग्णांमागे किती मावशी आणि मामा असतात. दिवसाचा आकडा पटकन सांगतात, रात्रीचा सांगताना जरा अडखळतात. बायकांना बायकाच अंघोळ घालतील, कपडे बदलतील हे अॅडमिशनच्या फॉर्मवर लिहून घ्या, तोंडी नको. फॉर्ममधे कुठेतरी फोटो, व्हिडिओ वापरायला परवानगी असं बारीक अक्षरात असतं, ती ओळ खोडून शेजारी सही करा. कुणी काही म्हणत नाही, आणि म्हटलं तर ते सेंटर कसं आहे ते कळलं.

फोटोंबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण यात घरचेच पुढे असतात. सेंटरचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, त्यावर रोज फोटो येतात, नातेवाईकांना बरं वाटतं. पण नीट बघा त्या फोटोत काय असतं. आपली आई गाऊनमधे, केस विस्कटलेले, कवळी काढलेली, नाकात नळी, आणि मागे दुसऱ्या कुणाची तरी आई त्याहून वाईट अवस्थेत, आणि हे ग्रुपमधल्या सगळ्यांच्या फोनमधे. तिने कुणाला असं दिसायचं ठरवलं असतं का? ग्रुपवर नको, मला पर्सनलवर पाठवा, आणि आधी तिला विचारून काढा, असं सांगता येतं. अंगावरची जखम दाखवायला फोटो हवा असेल तर तो फक्त तुम्हाला आणि डॉक्टरांना.

तेच कॅमेऱ्याचं. अमेरिकेत किंवा बंगलोरला बसलेल्या मुलाला वाटतं, रूममधे कॅमेरा लावला की काळजी मिटली. माझं स्पष्ट मत, तिला विचारल्याशिवाय लावू नका, आणि ज्या कोनातून कपडे बदलताना दिसेल तिथे तर तिने हो म्हटलं तरी लावू नका. कॉरिडॉरमधे, जिन्यापाशी, गेटवर हवाच. संमतीशिवाय कुणाच्या खाजगी अवयवांचं चित्रण करणं हा आयटी अॅक्टच्या कलम 66ई खाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सेंटरवाल्यांना हे माहीत असतंच असं नाही. फुटेज कोण बघतं, किती दिवस ठेवतात, हे विचारा. शिवाय कॅमेऱ्यात वास येत नाही, आणि मावशी कशी बोलते तेही नीट ऐकू येत नाही, त्यासाठी माणूसच जायला लागतो.

जायचं तर वेळ बदलून जा. रविवारी अकराला सगळेच जातात आणि तेव्हा सगळे धुतलेले-पुसलेले असतात. मधल्या वारी संध्याकाळी सातला, जेवण आणि गोळ्यांच्या वेळी टपका. तुम्ही लांब असाल तर पुतण्या, भाची, जुने शेजारी, कुणालातरी ठरवून द्या आणि सेंटरला त्याचं नाव आधीच लेखी कळवा.

गेल्यावर काय बघायचं? आधी बेल. माझ्या आत्याला पुण्याजवळच्या एका सेंटरला ठेवलं होतं, तिच्या कॉटची बेल वायरसकट गुंडाळून पडद्याच्या दांडीवर टांगलेली, रात्री उगाच दाबतात म्हणे. उगाच नव्हे हो, तिला लघवीला जायचं असायचं. ती खाली उतरवून उशीला सेफ्टीपिननं अडकवली आणि रात्रीच्या सिस्टरना सांगितलं की ही इथेच राहील. मग पांघरूण बाजूला करून टाचा, माकडहाड, खुबे बघा. तिथे लाल किंवा काळसर डाग असेल आणि बोटानं दाबून सोडल्यावर रंग पांढुरका होत नसेल तर बेडसोरची, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नुसती हवेची गादी टाकली म्हणजे झालं असं नाही. मनगटाला बांधल्याचे वळ, दंडावर बोटांचे निळे डाग, अचानक उतरलेलं वजन, सुकलेले ओठ, विशिष्ट मावशी आली की आई गप्प होते का, सगळं टिपून ठेवा, तारीख घालून. पडल्यामुळेही डाग येतात आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी तर लगेच येतात, म्हणून एका डागावरून कुणावर ओरडू नका, पण पडली असेल तर त्याची नोंद रजिस्टरला आहे का ते विचारा.

आणि ती दिवसाढवळ्या सारखी झोपूनच असेल तर गोळ्यांचा कागद मागा. रात्री ओरडतात, उठतात म्हणून कुणाकुणाला झोपेचं देतात. डॉक्टरांनी लिहून दिलंय का, कधीपासून, कशासाठी, हे तुम्हाला कळायलाच हवं, अशा गोळ्यांनी म्हातारी माणसं पडतात.

आता पैसे आणि कागद. मंगळसूत्र, पाटल्या घरी, आणि तिला गळा मोकळा नको वाटत असेल तर साधी पोत घाला. आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि झेरॉक्सवर आडवं लिहा, अमुक सेंटरच्या प्रवेशासाठी, तारीख. आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचे ठसे वगैरे, लॉक करून टाका, म्हणजे कुणी झोपेत अंगठा घेऊन खात्यातून पैसे काढू शकत नाही. हे आधारच्या अॅपवर होतं. नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला तेवढ्यापुरतं अनलॉक करायचं, आणि तो दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही निघतो, तेव्हा ते काम तुम्ही स्वतः जाऊन करा. एटीएम कार्ड आणि पिन स्टाफकडे नाही, सही केलेले कोरे चेक तर अजिबातच नाही, आणि खात्याचे एसएमएस घरच्याही कुणाच्या तरी फोनवर येऊ देत, अर्थात तिच्या परवानगीनं. पैशांची फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन.

घरचेही यात येतात, हे कटू आहे पण खरं आहे. सेंटरला येऊन गुपचूप बक्षीसपत्रावर सही घेणारा भाचा नवीन नाही. ऑफिसला सांगून ठेवा की कुठल्याही कागदावर सही-अंगठा घ्यायला कुणी आलं तर आधी फोन करा. आईला स्वतःलाच कुणाला घर द्यायचं असेल तर तिचा हक्क आहे, फक्त सांभाळ करायची अट कागदात स्पष्ट लिहायला सांगा, 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे ती अट मोडली तर व्यवहार रद्द करून मागता येतो.

तक्रार करायची वेळ आली तर आधी लेखी, मॅनेजरला नव्हे, ट्रस्टी किंवा मालकाला, ईमेल किंवा पोच घेऊन. बऱ्याच जणांना भीती वाटते की तक्रार केली तर तिच्यावर राग काढतील, भीती खोटी नाही, म्हणून तक्रारीच्या आठवड्यात घरचं कुणीतरी रोज जायचं, दुसऱ्या जागेची चौकशीही करून ठेवायची. उत्तर नाही आलं तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आणि जिल्ह्याचं समाजकल्याण कार्यालय, मारहाण किंवा अंगाला नको तसा हात लावला असेल तर थांबू नका, 112 आणि पोलीस स्टेशन, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी. कपडे, चादर धुवायला देऊ नका. शिफ्ट करताना गोळ्यांचा चार्ट, नर्सिंगच्या नोंदी, डिस्चार्ज पेपर, सगळ्याच्या कॉप्या हातात घेतल्याशिवाय डिपॉझिटच्या पावतीवर सही करू नका, नंतर फाइल सापडत नाही म्हणतात.