घर पसरलंय आणि हात उचलत नाही? सुरुवात इथून करा

आजारपण, दवाखान्याच्या फेऱ्या, परीक्षा, घरातलं कुणी जाणं, नाहीतर नुसताच ऑफिसचा रगाडा. कारण काहीही असो, दोन-तीन आठवड्यांत घर हाताबाहेर जातं. ओट्यावर कप ठेवायला जागा नसते, सिंक तुडुंब असतं, खुर्ची कपड्यांखाली दिसेनाशी होते. कुठून धरावं ते कळत नाही, आणि मग माणूस त्याच पसाऱ्यात बसून राहतो.

याला आळस म्हणू नका. केर काढायला डोकं लागत नाही. डोकं लागतं ते ‘हे ठेवू की टाकू, कुणाचं आहे, कुठे ठेवू’ या प्रश्नांना, आणि पसरलेल्या घरात असे शेकडो प्रश्न एकदम अंगावर येतात. म्हणून पहिल्या दिवशी निर्णय घ्यावा लागेल असं एकही काम हातात घ्यायचं नाही. माळा, पुस्तकं, जुने फोटो, कपाटाचे कप्पे यांना आज हात लावू नका. दिवाळीच्या साफसफाईचा विचारही नको. आज घरात जेवता, अंघोळ करता आणि झोपता आलं की पुरे.

आधी स्वतःचं बघा

काहीतरी खा, पाणी प्या. खिडक्या उघडा, दिवे लावा. पायात चप्पल घाला, कारण पसाऱ्यात काच किंवा टाचणी असू शकते. मोबाइलवर 20 मिनिटांचा गजर लावा. गजर झाला की 10 मिनिटं खरोखर बसा. दमून मध्येच सोडून देण्यापेक्षा ठरवून थांबलेलं बरं.

पहिली फेरी: फक्त सडणारं

एक मोठी पिशवी घ्या आणि मुख्य दरवाजापासून भिंतीच्या कडेने सगळ्या घरातून एक फेरी मारा. उचलायचं फक्त कुजणारं आणि वास मारणारं: उरलेलं अन्न, फळांची सालं, चहाचा चोथा, फ्रिजमधली पाणी सुटलेली कोथिंबीर. डब्यातल्या भाजीवर बुरशी दिसत असेल तर वरचा थर काढून खाली चांगलं आहे का ते बघत बसू नका, सगळी टाका. दुसऱ्या पिशवीत उघड कचरा: रिकामे दुधाचे पुडे, पार्सलचे खोके, प्लास्टिक. वाटेत लागलेली पुस्तकं, खेळणी, चार्जर जिथे आहेत तिथेच राहू द्या.

ओला आणि सुका एवढं तरी वेगळं ठेवा. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असं लिहा. सॅनिटरी पॅड कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही खूण रुजवली आहे. आपला कचरा कुणीतरी हाताने वेगळा करतं. आपण कितीही थकलेलो असलो तरी त्यांचा हात कापू नये. पिशव्या घरात ठेवू नका, लगेच खाली नेऊन टाका. अर्धा वास तिथेच जातो.

साचलेलं पाणीही याच फेरीत ओता: कुंड्यांखालच्या बशा, कूलर, फ्रिजमागचा ट्रे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच पाण्यात अंडी घालतो आणि साधारण 7 ते 10 दिवसांत त्यातून नवे डास उडू लागतात.

भांडी

बहुतेकांचा धीर इथे खचतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. भरलेल्या सिंकमध्ये भांडी घासायला जाऊ नका. आधी सगळी भांडी बाहेर काढून टबात किंवा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवा. खरकटं काढून ओल्या कचऱ्यात टाका, जाळी मोकळी करा आणि आधी सिंकच घासा. घासायला रिकामी जागा मिळाली की काम हलकं वाटायला लागतं.

आता वरणाचा थर वाळलेला कुकर, दुधाचं पातेलं, करपलेली कढई यांत कढत पाणी आणि साबणाचे थेंब घालून बाजूला ठेवा. करपलेलं स्टीलचं भांडं असेल तर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून 5 मिनिटं उकळा. तारेच्या घासणीने अर्धा तास खरवडण्यापेक्षा हे सोपं आहे. ती भिजेपर्यंत बाकीची घासा: आधी कप आणि ग्लास, मग वाट्या-ताटं, तेलकट सगळ्यात शेवटी, म्हणजे घासणी आणि पाणी लवकर खराब होत नाही. सगळी झाली पाहिजेत असं नाही. उद्याच्या चहाचं पातेलं, दोन कप, दोन ताटं आणि कुकर झाला तरी स्वयंपाकघर चालू झालं.

शेवटी ओटा पुसा. निदान शेगडीच्या बाजूची हातभर जागा तरी.

कपडे

ओले आणि दमट आधी, कारण त्यांना कुबट वास लागतो आणि बुरशी धरते. मशीन एकदाच लावा. दोरीवर जेवढं मावतं तेवढंच धुवायचं. बाकीचे मळके एका चादरीत बांधून कोपऱ्यात ठेवा, धुतलेले पलंगावर न टाकता बादलीत किंवा टोपलीत. घड्या आज नकोत.

संडास आणि मोरी

टॉयलेट क्लीनर आत सगळीकडे ओता, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, मग ब्रश फिरवा. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: आम्ल असलेलं टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि छोट्या बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. एका वेळी एकच, आणि दार-खिडकी उघडी ठेवून.

झोपायची जागा, मग केर

पलंगावरचं सगळं एका खोक्यात भरा, खोक्यावर आजची तारीख टाका, चादर बदला. टेबलावर पडलेली बिलं आणि कागद एकाच मोठ्या पाकिटात. फक्त वीजबिलाची शेवटची तारीख बघून घ्या. जमिनीवर उरलेल्या वस्तूही खोक्यात. दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून मोरीपर्यंत वाट मोकळी झाली की मग केर काढा. फरशी पुसायची ताकद नसेल तर स्वयंपाकघर आणि मोरीपुरती पुसा.

मदत मागताना

‘घराची अवस्था बघून काय म्हणतील’ या लाजेने कितीतरी जण कामाच्या ताईंना येऊ नका म्हणून कळवतात आणि पसारा आणखी वाढतो. त्यांना सरळ सांगा, काम जास्त आहे, आणि जास्तीच्या कामाचे पैसे आधीच ठरवून वेगळे द्या. मैत्रिणीला किंवा भावाला ‘जरा मदत कर’ असं मोघम सांगण्यापेक्षा ‘तासभर येऊन भांडी घासून दे’ किंवा ‘नुसती सोबत बस’ असं नेमकं सांगा.

घर आवरणं सोडाच, पण अंघोळ, जेवण, झोपही दोन आठवड्यांपासून बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा 2022 पासून सुरू आहे, क्रमांक 14416, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. तोवर पसारा राहिला तर राहू द्या.

पुढचे दिवस

रोज एकच काम पुरे: आज उरलेली भांडी, उद्या कपड्यांच्या घड्या, परवा फ्रिज. रात्री झोपण्याआधी सिंक मात्र रिकामं ठेवा. भरून ठेवलेलं खोकं पोटभर झोप झालेल्या सकाळी उघडा आणि एका बैठकीत त्यातल्या दहाच वस्तूंचा निकाल लावा. रद्दी आणि भंगार वेगळं होईल तसं दाराशी ठेवत जा. पुरेसं साठलं की रद्दीवाल्याला बोलवा.