भरगर्दीच्या शहरात जिओकॅश कसा लपवावा

जीपीएसच्या मदतीनं लपवलेल्या डब्या शोधायच्या, या जिओकॅशिंगच्या खेळासाठी गिरगावात मी ठेवलेली पहिली डबी अकरा दिवस टिकली. अंगठ्याएवढी, काळी, फुटपाथच्या रेलिंगला मागच्या बाजूनं चुंबकानं चिकटवलेली. एवढ्या गर्दीत खाली वाकून कोण बघणार, असं मला वाटलं होतं. पण त्या रेलिंगला टेकून रोज एक फुलवाली मावशी बसायच्या. आपल्या टोपल्यांमागे अनोळखी माणसं हात घालताना त्यांनी दोन-तीनदा पाहिली, पुढच्याला चांगलंच फैलावर घेतलं आणि डबी काढून कचऱ्यात टाकली. त्यांचं काहीच चुकलं नाही. जागा त्यांची होती आणि मी त्यांना विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून चालते आहे: गर्दीतली डबी लपल्यामुळे टिकत नाही, तिला राखणदार असला तर टिकते. पुढचं सगळं त्या एका गोष्टीभोवतीच आहे.

खेळ नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २ मे २००० रोजी अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनच्या रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आज शोधणारा फोन घेऊन जातो, डबी सापडली की आतल्या कागदावर, म्हणजे लॉगवर, नाव-तारीख लिहितो आणि डबी होती तशी ठेवून देतो. कॅश म्हणजे इथे पैसे नव्हेत, लपवलेला साठा.

लपवण्याआधी शोधा. जिओकॅशिंगच्या मुख्य संकेतस्थळाचाही सल्ला आहे की आधी निदान वीस डब्या शोधाव्यात. शोधताना आपण रस्त्यात कसे दिसतो, लोक कसे वळून बघतात, हे अंगावर आल्याशिवाय कळत नाही.

मग जागा. सुरुवात नकारांपासून करा. रेल्वे स्थानकं, पूल, मेट्रोचे खांब, शाळा, पोलीस ठाणी, सरकारी कचेऱ्या, देवळं-मशिदींची दारं, लष्करी हद्द, यांच्या जवळपास डबी नको. विजेच्या डीपी बॉक्सला तर बोटसुद्धा लावायचं नाही. पावसात तिथे जीव जाऊ शकतो. झाडाला खिळा नको, जमिनीत खड्डा नको, संरक्षित वास्तूच्या दगडात काही खोचणं नको. शिवाय दुसऱ्या डबीपासून १६१ मीटर अंतर लागतं, ते नकाशावर आधीच तपासून घ्या.

मुंबईत ही यादी पाळणं ही केवळ नियमाची बाब नाही. ११ जुलै २००६, २६ नोव्हेंबर २००८, १३ जुलै २०११ या बॉम्बस्फोटांच्या आणि हल्ल्याच्या तारखा इथल्या माणसाला सांगाव्या लागत नाहीत. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही घोषणा ऐकतच आपण लोकलनं फिरलो आहोत. इथे सांदीत दडवलेला अपारदर्शक डबा पाहून कुणाच्या छातीत धस्स झालं, तर तो दोष आपला. इंग्लंडमधल्या वेदरबीसारख्या छोट्या गावातही २०११ मध्ये एका जिओकॅशपायी रस्ता रिकामा करावा लागला होता आणि बॉम्बनाशक पथकानं तो डबा उडवला होता. दादर किंवा झवेरी बाजाराजवळ काय होईल, याचा विचार ठेवणाऱ्यानंच करायचा आहे.

आता राखणदार. एखादं सार्वजनिक वाचनालय, नर्सरी, सोसायटीचं आवार, जुन्या दुकानाचा ओटा अशा ठिकाणी जा आणि सरळ सांगा. मी गिरगावातल्या एका वाचनालयात गेले तेव्हा ग्रंथपाल काकांना माझ्या फोनमधला खेळ दाखवला, रिकामी डबी त्यांच्या टेबलावर ठेवली, झाकण उघडून आतला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘रात्री कोणी येणार नाही ना?’ हा प्रश्न सोन्यासारखा आहे. त्यातून वेळ ठरली: सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. मग त्यांनी वॉचमनना बोलावून त्यांनाही दाखवलं. परवानगी साहेबांची असते, पण डबी वाचवतात ते वॉचमन आणि झाडणाऱ्या ताई. त्यांना वगळू नका. एक साधा लेखी होकार आणि फोन नंबर घेऊन ठेवा.

मात्र शोधणाऱ्याला दुकानात शिरावं लागेल, विकत काही घ्यावं लागेल किंवा कुणाला विचारावं लागेल अशी रचना नियमांत बसत नाही. म्हणून डबी ओसरीत, बाहेर हवी. आणि तिथे पाच मिनिटं थांबायला सहज कारण हवं. आमच्या वाचनालयाच्या ओसरीत वर्तमानपत्रं वाचायचा बाक आहे. बाकावर बसलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही. भिंतीशी उकिडवं बसलेल्याकडे अख्खी गल्ली बघते.

डबी पारदर्शक घ्या, म्हणजे उचलणाऱ्याला आत कागदच आहे हे न उघडता दिसतं. मी प्लॅस्टिकच्या बाटलीचं प्रीफॉर्म वापरते. बाटली फुगवण्याआधीची ती जाड परीक्षानळी असते आणि तिचं झाकण आट्याचं असतं. बाहेर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लेबल: ‘हा जिओकॅश खेळाचा भाग आहे, धोकादायक नाही’, सोबत कॅशचा क्रमांक आणि तुमचा नंबर. लेबलवर रुंद पारदर्शक टेप गुंडाळा, नाहीतर शाई वाहून जाते.

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माझ्या एका डबीतला लॉग जुलैत बाहेर ओढला तेव्हा तो कागद राहिलाच नव्हता. बोटाला करडा लगदा लागला आणि त्यात कुणाच्या तरी निळ्या सहीची रेघ. तेव्हापासून लॉग झिपच्या छोट्या पिशवीत ठेवते, सोबत सिलिका जेलची पुडी आणि पेन्सिलीचा तुकडा. पेन्सिल ओल्यातही उठते. खाण्याची वस्तू आत कधीच नको. उंदीर प्लॅस्टिक कुरतडतात. चुंबक वापरलात तर खाऱ्या हवेत तो गंजतो, म्हणून मी नायलॉनच्या दोरीनं कुंडीच्या आतल्या कडेला डबी अडकवते.

अक्षांश-रेखांश घेण्यात घाई करू नका. उंच इमारतींवर आपटून सिग्नल फोनपर्यंत उशिरा पोहोचतो आणि अरुंद गल्लीत नकाशावरचा ठिपका पलीकडच्या चाळीत जाऊन बसतो. अक्षांश अंश आणि मिनिटांत लिहितात. त्यातल्या मिनिटाचा तिसरा दशांश अंक एकानं बदलला की उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर फरक पडतो. तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी पाच-पाच मिनिटं थांबून नोंदी घ्या, फारच भरकटलेली नोंद टाकून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा. शेवटी ती सरासरी फोनमध्ये घालून गल्लीच्या तोंडापासून चालत या आणि कुठे पोहोचता ते बघा.

गर्दीची जागाच दाखवायची असेल तर डबी तिथे ठेवूच नका. मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजणारे जुने मैलाचे दगड अजून काही ठिकाणी उभे आहेत. शोधणाऱ्याला तिथला आकडा वाचू द्या, तो साध्या गणितात घालू द्या आणि डबी मिळू द्या दूर कुठेतरी, शांत आवारात. याला मल्टी कॅश म्हणतात. गर्दीच्या शहरासाठी मला हाच प्रकार सर्वांत आवडतो.

संकेतस्थळावर कॅशची माहिती भरताना वेळ स्पष्ट लिहा, नेमकी हिंट द्या. ‘कुंडीत बघा’ म्हटलं तर पाच कुंड्या उपसल्या जातील. ‘बाकाच्या डाव्या हाताची तुळस, माती उकरू नका’ असं लिहा. परवानगी कुणी दिली तेही नमूद करा. संकेतस्थळाचे रिव्ह्यूअर, म्हणजे नोंदी तपासणारे, स्वयंसेवक असतात, ते तपासूनच कॅश प्रसिद्ध करतात.

देखभालीचं कॅलेंडर आपल्या सणांवर बसवा. मेअखेर लॉग आणि झाकण बदला. गणपतीत मंडप पडला तर नोंद तात्पुरती बंद करा. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधी काही दिवस डबी घरी आणा, तेव्हा पोलीस कोपरान्‌कोपरा तपासत असतात. दिवाळीआधी रंगरंगोटी निघते, कुंड्या हलतात. तेव्हा एक चक्कर मारा. दोन जणांनी लागोपाठ ‘सापडली नाही’ लिहिलं तर त्याच आठवड्यात जा.

राखणदार बदलला, तर नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगा. त्यानं नको म्हटलं तर कुंडीतली दोरी कापा, डबी खिशात घाला आणि घरी आल्यावर कॅश संकेतस्थळावरून कायमचा काढून टाका.