घरची भाजीबाग आणि शेजारची ओळख : इंदूरमध्ये बागकाम करणाऱ्यांचा गट कसा जमवावा

इंदूरच्या कोणत्याही वसाहतीत सकाळी सहा-साडेसहाला मान वर करून चालले, तर कुठे ना कुठे गच्चीच्या कठड्यावरून दोडक्याचा किंवा वालाचा वेल खाली डोकावताना दिसतो. ज्यांच्या घरी हा वेल असतो, ती माणसे एकमेकांना सहसा ओळखत नाहीत. त्यामुळे एकाच गल्लीत दोन घरी एकाच आठवड्यात भेंडीची पाने पिवळी पडतात आणि दोन्ही घरची माणसे आपापल्या मोबाइलवर वेगवेगळे उपाय शोधत बसतात. तेथे मिळणारा सल्ला कोकणातल्या जांभ्या मातीचा असतो, नाहीतर दिल्लीच्या थंडीचा. आपली माती माळव्याची काळी, चिकट आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. नर्मदेचे पाणी पुष्कळ भागांत एक दिवसाआड येते आणि मधल्या दिवशी बोअरिंगच्या जड पाण्यावर भागवावे लागते. ज्याची माती, पाणी आणि ऊन आपल्यासारखेच आहे अशा शेजाऱ्याचा अनुभव म्हणूनच सर्वांत उपयोगी ठरतो. तो मिळवायचा कसा आणि आपला त्याला द्यायचा कसा, याची रीत पुढे दिली आहे.

१. मे महिन्यात माणसे शोधावीत

पेरणी जूनमध्ये करायची असते, म्हणून माणसे त्याआधीच शोधावीत. सुरुवात पाच-सात घरांनी करावी आणि ती पायी जाण्याच्या अंतरावरची असावीत. शहराच्या दुसऱ्या टोकाचा बागकाम करणारा कितीही जाणकार असला, तरी तो आपल्या टोमॅटोचे पान हातात घेऊन पाहू शकत नाही. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. पुदिन्याची मुळे फुटलेली काडी, अळूचे दोन कंद किंवा कढीलिंबाचे बुडाशी फुटलेले रोप पुरेसे असते. ‘तुम्हीही बागकाम करता का?’ असे मोघम विचारण्यापेक्षा ‘काकू, तुमचा वाल मांडवावर इतका दाट कसा चढला? आमच्याकडे नुसती पानेच येतात,’ असे नेमके विचारावे. नेमक्या प्रश्नाने माणूस लगेच बोलता होतो.

गट केवळ मराठी घरांचा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंदूरच्या सराफा बाजारातील खाऊगल्लीत हिवाळ्यात तळून मिळणारे गराडू आपण आवडीने खातो, पण त्याचा कंद केव्हा पुरावा आणि वेल कशावर चढवावा हे शेजारच्या माळवी कुटुंबातील आजींना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. बालम ककडी या माळव्यातल्या मोठ्या काकडीचेही तेच आहे.

२. पहिली भेट बागेतच घ्यावी

दिवाणखान्यात बसून झालेली चर्चा चहाबरोबर संपते. म्हणून सकाळी सातला किंवा सायंकाळी ऊन उतरल्यावर थेट गच्चीवर किंवा परसात जमावे, आणि पहिल्या भेटीत प्रत्येक घरी तीन गोष्टी पाहून वहीत लिहाव्यात : थेट ऊन किती तास आणि कोणत्या दिशेने येते, कुंड्या किंवा वाफे केवढे आहेत, आणि माती कशी आहे. मातीसाठी साधी परीक्षा आहे. मूठभर माती ओली करून बोटांमध्ये दाबत पट्टी काढावी. पट्टी बोटभर लांब निघून तुटत नसेल, तर ती माती कुंडीत एकटी वापरू नये. तिच्यात पाणी साचते आणि मुळे गुदमरतात. अशा वेळी एक भाग काळी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग वाळू किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हे मिश्रण बहुतेक भाज्यांना चालते.

३. सल्ला देताना त्याची सगळी हकिगत द्यावी

या लेखातील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि तिचे महत्त्व मला चुकीतून कळले. माझ्या मेथीचा वाफा पूर्वेच्या अंगणात कडुलिंबाच्या सावलीलगत आहे, तेथे दुपारनंतर ऊन येत नाही. एकदा शेजारच्या ताईंनी विचारले तेव्हा मी सहज सांगितले, ‘मेथीला तिसऱ्या दिवशी पाणी द्या, रोज नको.’ त्यांची मेथी तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या कठड्याला टेकवलेल्या चार इंच खोल ट्रेमध्ये होती. ऑक्टोबरचे ऊन होते. चौथ्या दिवशी त्यांनी मला वर बोलावले, तेव्हा ट्रेमधली माती कडांपासून सुटून आली होती आणि नुकती दोन पानांवर आलेली रोपे काड्यापेटीतल्या काड्यांसारखी आडवी पडली होती. माझा सल्ला माझ्या वाफ्यापुरता खरा होता. तो कोणत्या वाफ्याचा आहे, हे मी सांगितले नव्हते.

तेव्हापासून आमच्या गटात कोणताही अनुभव सांगताना पाच गोष्टी जोडून सांगण्याचा नियम आहे : महिना, ऊन, भांड्याची खोली, माती आणि पाणी कोणते. ‘मिरचीला ताक घातले आणि फुले आली’ एवढ्यावर कोणी थांबत नाही. ताक किती पाण्यात किती घातले, फुले किती दिवसांनी आली, आणि ज्या रोपाला ताक घातले नव्हते त्यालाही त्याच आठवड्यात फुले आली का, हे विचारले जाते. या शेवटच्या प्रश्नाने कोणी दुखावू नये म्हणून तो सर्वांनाच विचारावा. शक्य असेल तेव्हा दोन रोपांवर उपाय करावा आणि दोन तशीच ठेवावीत.

नावांचाही घोळ याच पायरीवर सोडवावा. इंदूरच्या घरांत दोडका, घोसाळे, तुरई आणि गिलकी ही चारही नावे एकाच वेळी नांदतात. येथे तुरई म्हणजे धारा असलेला दोडका आणि गिलकी म्हणजे गुळगुळीत घोसाळे. परंतु महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या सुनेला ‘गिलकी’ समजत नाही आणि माळवी शेजारणीला ‘घोसाळे’ समजत नाही. बथुआ आणि चाकवत एकच, पोई आणि मायाळू एकच, ककोडा आणि कर्टोली एकच. बियांच्या पुडीवर दोन्ही नावे लिहावीत.

४. ऋषिपंचमीचे लक्ष्य ठेवावे

नुसते ‘भेटत राहू’ म्हणून गट टिकत नाही. त्याला तिथी लागते. आपल्याकडे ती आयतीच आहे. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी करतात आणि तिच्यात बैलाच्या कष्टाचे काही चालत नाही, म्हणजे कुंडीत आणि परसात हाताने पिकवलेले सर्व चालते. बाजारात त्या दिवशी या भाजीचे तयार वाटे मिळतात, पण ते कोणत्या शेतातून आले हे विकणाराही सांगू शकत नाही. सात घरांनी एकेक भाजी वाटून घेतली, तर पूर्ण ऋषीची भाजी गल्लीतच पिकते.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस लागला की पेरणी करावी. भेंडी, चवळी आणि दोडका यांना पेरणीपासून साधारण दीड ते दोन महिने लागतात, त्यामुळे तिथी लवकर आली तरी ही तिन्ही हाती येतात. लाल माठ महिन्याभरात तयार होतो, तो तिथीच्या महिनाभर आधी पेरला तरी चालेल. अळूचे कंद मात्र मे महिन्यातच लावलेले बरे. ज्यांच्याकडे ऊन चार तासांहून कमी आहे त्यांनी अळू आणि माठ घ्यावा; भेंडी आणि वेलभाज्या पाच-सहा तास ऊन असलेल्या घरांकडे द्याव्यात. पहिल्या भेटीत लिहिलेली वही येथे उपयोगी पडते.

५. रोग लपवू नयेत

रोपांबरोबर कीडही एका घरातून दुसऱ्या घरी जाते. मिळालेले रोप दहा-पंधरा दिवस इतरांपासून दूर ठेवावे आणि पानांची खालची बाजू रोज उलटून पाहावी. पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी तेथेच सापडतात. आपल्याकडे कीड आली असेल तर ती त्याच दिवशी गटाला सांगावी. यात कमीपणा काहीच नाही, उलट बाकीची घरे वाचतात.

सुरुवातीला भेंडीच्या पिवळ्या पानांचा उल्लेख केला, तो येथे पुरा करतो. पानाच्या शिरा पिवळ्या होऊन त्यांचे जाळे स्पष्ट दिसत असेल, तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणूजन्य केवडा रोग आहे. त्यावर औषध नाही. झाड उपटून पिशवीत बंद करावे, आणि शेजाऱ्यांनी आपल्या भेंडीवर पिवळे चिकट कागद टांगावेत. याउलट शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, विशेषतः कोवळ्या पानांवर, तर बहुधा लोह कमी पडते आहे. काळ्या मातीत आणि बोअरिंगच्या जड पाण्यावर हे वारंवार होते. अशा झाडाला पावसाचे साठवलेले पाणी आणि कंपोस्ट द्यावे, ते उपटू नये. दोन घरांत ‘पाने पिवळी’ हे एकच वाक्य बोलले जाते आणि उपाय मात्र विरुद्ध असतात, म्हणून वर्णनावर न थांबता पान तोडून समोरासमोर आणावे.

जून-जुलैत गल्लीतल्या कडुलिंबांखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, तेव्हा सर्वांनी मिळून त्या गोळा करून, गर धुऊन सावलीत वाळवाव्यात. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी गाळून त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे आणि ऊन उतरल्यावर फवारावे. हा अर्क त्याच दिवशी वापरून संपवावा.

६. खत सामाईक करावे

इंदूरच्या घरांना ओला कचरा वेगळा काढण्याची सवय लागलेलीच आहे. त्यातला फळभाज्यांच्या सालींचा वाटा बागेसाठी ठेवला की झाले. या शहराचे नाव जगभर पोचले तेही खतामुळेच. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात येथे, आज जेथे कृषी महाविद्यालय आहे तेथे, काम केले आणि सहकारी यशवंत वाड यांच्यासह विकसित केलेली ‘इंदूर पद्धत’ १९३१ साली प्रसिद्ध केली. पालापाचोळा, शेण आणि थोडी माती-राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची आणि ढीग तीनदा उलथायचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. एका घराला एवढा पालापाचोळा मिळत नाही, पण सात घरांना सहज मिळतो. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांच्याकडे ढीग असावा आणि उलथण्याच्या दिवशी सर्वांनी हजर राहावे.

७. जे एकट्याने होत नाही ते आधी वाटावे

कर्टोलीचे उदाहरण यासाठी उत्तम आहे. तिचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, आणि वेल नर आहे की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही. मादी फुलाच्या देठाशी बारीक काटेरी फळासारखी गाठ असते, नर फुलाला ती नसते. एखाद्याच्या गच्चीवर दोन वर्षे वेल वाढतो, फुलतो आणि एकही कर्टोले धरत नाही, कारण नर वेल दोन घरे पलीकडे असतो. फुले उमलली की नर फूल डबीत घालून न्यावे आणि त्याचे परागकण मादी फुलावर हलकेच टेकवावेत. पुढच्या पावसाळ्याआधी मादी वेलाचे कंद वाटून घ्यावेत. आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो.

हाताने परागीभवन करताना फुलांची वेळ पाळावी. दुधी आणि दोडक्याची फुले सायंकाळी उमलतात, गिलकी आणि लाल भोपळ्याची पहाटे.

८. बियाणे जपावे आणि वाटावे

टोमॅटो, वाटाणा, घेवडा यांचे बी बहुधा मूळ झाडासारखेच निघते. मुळा, पालक आणि वेलभाज्या यांचा शेजारच्या जातींशी संकर होतो, म्हणून वेलभाज्यांत बियाण्यासाठी ठेवायच्या फुलाची कळी आदल्या दिवशी दोऱ्याने बांधावी आणि हाताने परागीभवन करून पुन्हा बांधावी. संकरित पाकिटातून आलेल्या झाडाचे बी गटात वाटू नये. पुढचे पीक कसे येईल याचा भरवसा नसतो. दुधी किंवा काकडी कडू लागली तर ती खाऊ नये, कारण तो कडूपणा विषारी असतो, आणि तिचे बी तर मुळीच ठेवू नये.

वाटण्यापूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. आठवड्याभरात सातपेक्षा कमी उगवल्या तर पुडीवर तसे लिहावे. कांद्याचे बी वर्षभरात निकामी होते, टोमॅटोचे तीन-चार वर्षे टिकते.

ऋषिपंचमीची भाजी काढताना प्रत्येक वेलावरचे सर्वांत चांगले एक फळ लाल दोरा बांधून तसेच सोडावे आणि घरातल्या सर्वांना ते न तोडण्याविषयी सांगून ठेवावे. नोव्हेंबरपर्यंत दोडका वाळून तपकिरी होतो आणि हलवला की आत खुळखुळतो. तेव्हा त्याचे टोक मोडून काळ्या बिया कागदावर ओताव्यात, दोन दिवस सावलीत वाळवाव्यात आणि दहा-दहाच्या पुड्या बांधून प्रत्येकीवर दोन्ही नावे, घर, ऊन आणि महिना लिहावा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते. त्यात या वर्षीचे वाण म्हणून याच पुड्या द्याव्यात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात उन्हाळी दोडका पेरायचा असतो, तेव्हा पुडी मिळाल्यापासून बी मातीत जाईपर्यंत जेमतेम महिना उरतो.