पहिली स्पोर्ट बाईक घेताय? या चुका टाळा

शोरूममध्ये पहिला प्रश्न बहुतेक वेळा टॉप स्पीडचा असतो. खरा प्रश्न वेगळा आहे: ताशी दहाच्या वेगाने, मागून रिक्षावाला हॉर्न देत असताना, ही गाडी मला सावरता येईल का? नवशिक्याची स्पोर्ट बाईक बऱ्याचदा घाटात नाही, तर सिग्नलला, यू-टर्नला किंवा पार्किंगच्या उतारावर आडवी होते.

सगळ्यात मोठी चूक ताकदीची. "परत परत कुठे बदलायची, एकदाच मोठी घेऊ" हा हिशेब पैशाचा म्हणून बरोबर वाटतो, शिकण्याचा म्हणून साफ चुकतो. युरोपात 18 वर्षांच्या मुलाला 35 किलोवॅटच्या, म्हणजे साधारण 48 पीएसच्या (पीएस हे हॉर्सपॉवरसारखं इंजिनच्या ताकदीचं माप) वरची मोटरसायकल चालवताच येत नाही. आपल्याकडे गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळालं की स्प्लेंडरही चालते आणि हजार सीसीही, त्यामुळे मर्यादा आपली आपणच घालून घ्यावी लागते.

आकडे बघा. स्प्लेंडर 8 पीएस, यामाहा आर15 व्ही4 18.4 पीएस आणि आपल्या चाकणला बनणारी केटीएम आरसी 390 थेट 43.5 पीएस. खड्ड्यात चाक आदळलं की नवख्याचं मनगट नकळत पिळलं जातं. स्प्लेंडर तेव्हा नुसती गुरगुरते, 390 पुढच्या गाडीच्या डिकीपर्यंत पोचते. आर15 ची पूर्ण ताकद 10,000 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला इतके फेरे घेत असताना मिळते. कमी फेऱ्यांवर ती शांत असते आणि म्हणूनच चुका पोटात घालते. "पिकअप नाही" अशी तक्रार करणारे बहुधा वरच्या गिअरमध्ये इंजिन रडवत असतात. एक गिअर खाली घ्या, तक्रार संपते. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या दोन वर्षांना आर15 किंवा फार तर सुझुकीची जिक्सर एसएफ 250 भरपूर आहे.

उंची बघता, वजन विसरता

आर15 ची सीट 815 मिमी, टीव्हीएसच्या अपाची आरआर 310 ची 810. कागदावर दोन्ही सारख्याच. पण पहिली 142 किलोची आणि दुसरी 174. हे 32 किलो पाय टेकवताना, गाडी मागे ढकलताना आणि ओल्या फरशीवर जाणवतात. म्हणून टेस्ट राइड मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. गर्दीच्या वेळी अर्धा तास मागा. अरुंद गल्लीत गाडी वळवून बघा: स्पोर्ट बाईकचं हॅण्डल साध्या गाडीइतकं वळत नाही. स्कूटरच्या सवयीने तिथे वळायला गेलात की तोल जातो, आणि नुसती उभी गाडी पडली तरी फेअरिंग (बाजूचं प्लास्टिकचं आवरण) फुटून खर्च निघतो. थांबल्यावर इंजिनची गरम हवा मांड्यांवर किती येते, तेही बघा. आईला रोज मागे बसवून न्यायचं असेल तर स्पोर्ट बाईक घेऊच नका. ती उंच, आखूड सीट तिच्यासाठी नाही.

बजेट गाडीवरच संपवणं

ऑन-रोड किमतीतच खिसा रिकामा झाला तर जॅकेट, ग्लोव्हज आणि बूट "पुढच्या महिन्यात" जातात, आणि तो महिना येत नाही. आधी आयएसआय मार्कचं फुल-फेस हेल्मेट आणि ग्लोव्हज, उरलेल्यात गाडी. विम्याचाही फरक पडतो: जून 2022 पासूनच्या दरांत थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता 150 ते 350 सीसीला 1366 रुपये आणि 350 च्या वर 2804. 373 सीसीची आरसी 390 वरच्या गटात जाते.

घेतल्यावरच्या तक्रारी

मनगटं दुखतात? तुम्ही हॅण्डलवर रेलताय. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, पोट आवळा, कोपर सैल सोडा. तरीही महिन्याभरात फरक पडला नाही, तर ही बसण्याची पद्धत तुमच्या शरीराला मानवत नाही, एवढं मान्य करा.

जोरात ब्रेक दाबल्यावर लिव्हर किंवा पेडल थरथरतं? ते एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, काम करतंय. घाबरून ब्रेक सोडू नका, दाबून ठेवा. मात्र वळणात गाडी कललेली असताना वाळूवर पुढचा ब्रेक झटक्यात दाबला, तर साधं एबीएस प्रत्येक वेळी वाचवेलच असं नाही. ताम्हिणी घाटात पावसाळ्यात वेग वळणाच्या आधीच कमी करा.

गाडी हळू वेगात झटके देते? आधी चेनचा ढिलेपणा तपासा.

सेकंडहँड घेणार असाल तर हॅण्डलची टोकं आणि फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) घासलेत का, पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय का ते बघा, आणि इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलेला असेल तर मूळचा मागून घ्या. पोलीस अशा सायलेन्सरवर कारवाई करतात. कर्ज असल्यास बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. विमा 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या.