अव्याप्त मध्यपदाचा दोष कसा ओळखावा

सर्व सस्तन प्राण्यांना फुफ्फुसे असतात. सर्व व्हेलना फुफ्फुसे असतात. म्हणून सर्व व्हेल सस्तन आहेत.

तिन्ही विधाने खरी, तरीही युक्तिवाद अवैध: पहिल्या दोन विधानांतून (आधारविधानांतून) तिसरे (निष्कर्ष) निघालेच पाहिजे असे नाही. निष्कर्ष खरा असला की दोष हमखास नजरेतून निसटतो, म्हणून तपासताना खरे-खोटे बाजूला ठेवा.

१. युक्तिवाद तीन ओळींत लिहा. बोलताना एखादे आधारविधान बहुधा गाळलेले असते, तेही मांडा.

२. मध्यपद शोधा: दोन्ही आधारविधानांत असलेले, पण निष्कर्षात नसलेले पद. वर ते ‘फुफ्फुसे असलेले प्राणी’ आहे.

३. ते व्याप्त आहे का, पाहा. एखाद्या वर्गातल्या एकूण एक सदस्याबद्दल विधान काही सांगत असेल, तर ते पद व्याप्त. ‘सर्व क ख आहेत’ यात फक्त क व्याप्त. ‘एकही क ख नाही’ यात दोन्ही. ‘काही क ख आहेत’ यात एकही नाही. ‘काही क ख नाहीत’ यात फक्त ख. शेवटचे अनेकांना पटत नाही. पण काही क ना ख च्या पूर्ण वर्गाबाहेर काढायचे, तर सगळ्या ख बद्दल बोलावेच लागते. ‘बहुतेक’ आणि ‘पुष्कळ’ इथे ‘काही’च धरा.

मध्यपद निदान एकदा व्याप्त हवे. वर ते दोन्हीकडे होकारार्थी विधानाच्या विधेयात आहे, म्हणजे एकदाही व्याप्त नाही. फुफ्फुसवाल्यांच्या एका भागात सस्तन, दुसऱ्याच भागात व्हेल, असेही असू शकले असते. व्हेलच्या जागी कावळे घालून पाहा: आधारविधाने खरी राहतात, निष्कर्ष कोसळतो. आकार तोच, त्यामुळे हा एक दाखला पुरतो.

‘फक्त’ दिसला की थांबा. ‘फक्त सस्तन प्राणीच पिलांना दूध पाजतात’ म्हणजे ‘पिलांना दूध पाजणारे सर्व प्राणी सस्तन असतात’. असे उलटून लिहिले आणि ‘सर्व व्हेल पिलांना दूध पाजणारे प्राणी आहेत’ हे जोडले, की मध्यपद (आता ‘पिलांना दूध पाजणारे प्राणी’) उद्देश्यात येते, व्याप्त होते आणि व्हेलचा युक्तिवाद वैध ठरतो.

मध्यपद व्याप्त निघाले तरी काम संपत नाही. ‘सर्व कावळे पक्षी आहेत, एकही वटवाघूळ कावळा नाही, म्हणून एकही वटवाघूळ पक्षी नाही’ यात ‘कावळा’ दोन्हीकडे व्याप्त आहे. घोटाळा ‘पक्षी’ या पदात आहे: निष्कर्षात व्याप्त, आधारविधानात अव्याप्त.